बद्द वाजलेला दगड

आमच्या दादाचा डावा डोळा म्हणजे आमच्या दुकानाचा ओळंबा. फळी खांद्याच्या उंचीला धरायची, उजवा डोळा मिटायचा, डाव्यानं या टोकाकडून त्या टोकाला बघायचं आणि सांगायचं, "मधी सुताभर पोट हाय." पट्टी लावली तर फुगवटा बरोबर सुताभरच, म्हणजे इंचाचा आठवा भाग निघायचा. परतुरात चौकटी-दारं करणारे आणखी चार-पाच जण होते, पण दादाच्या कामाला गिऱ्हाईक कधी पट्टी लावून बघत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या डोळ्याचं झालं आणि त्यात चूक माझी होती.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. वडील लवकर गेले, त्यामुळं मला सुतारकी शिकवली ती दादानंच. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. स्वभावानं मी तापट आणि तो गाय. आमच्याकडं तेव्हा जुन्या बाभळीचं काम फार यायचं. बाभळीवर रंधा दहा हात मारला की पातं बोथट. मग दादा धारेच्या दगडावर पाणी शिंपडून बसायचा आणि पातं घासत राहायचा. तो दगड मधोमध झिजून त्याची ताटली झाली होती. निम्मी सकाळ धार लावण्यात जायची आणि माझं डोकं फिरायचं. मी धारेचा विजेवरचा ग्रायंडर घेऊ म्हणून मागं लागलो होतो.

दादाचा त्याला विरोध होता, आणि विरोधाचं कारण खोटं नव्हतं. मशीनवर पातं धरलं की ते तापतं, टोकाशी निळं पडतं, आणि एकदा निळं पडलं की पोलाद मऊ होतं. आमच्या धंद्यात त्याला हत्याराचं पाणी उतरलं म्हणतात. पाणी उतरलेल्या पटाशीची धार टिकत नाही. दादा म्हणायचा, घाई करणाऱ्याच्या हत्याराला पाणी राहत नाही. हा टोमणा मलाच असायचा. शेवटी वर्षभर वाद घालून एक दिवस मी त्याचा होकार मिळवला, म्हणजे तो गप्प बसला आणि मी त्यालाच होकार समजलो.

जालन्याला हार्डवेअरची मोठी दुकानं. त्यातल्या एका जुन्या मारवाडी शेठचं बोलणं सरळ, म्हणून मी त्याच्याकडं गेलो. त्यानं तीन मशिनी दाखवल्या. पहिली आठ इंची, जड, सावकाश फिरणारी. पातं लवकर तापणार नाही, दोन्ही दगडांवर जाड झाकणं, समोर काच. तीच घ्यायला हवी होती, पण तिची किंमत ऐकून मी हात मागं घेतला. दुसरी जुनी होती, बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून आलेली. हातानं फिरवली तर आतून खरखर आली. तिसरी सहा इंची, हिरव्या रंगाची, हलकी, भन्नाट वेगाची आणि पहिलीच्या निम्म्या किमतीत. झाकणं मात्र तिच्याबरोबर नव्हती, ती वेगळी घ्यायची. मी म्हणालो, झाकण कशाला, झाकणानं पातं दिसत नाही.  पातं सारखं पाण्यात बुडवत जा, एवढंच शेठनं सांगितलं.

मग त्यानं खोक्यातून मशीनचे दोन दगड काढले, एक भरड आणि एक बारीक. एकेक दगड भोकातून बोटावर अडकवला आणि पेचकसच्या लाकडी मुठीनं टकटक केलं. दोन्ही टण्ण वाजले.

"बायका माठ घेताना वाजवून घेतात ना मिस्त्री, तसंच," तो म्हणाला. "कधी पडला, कशाचा मार बसला, तर वाजवून बघायचा. बद्द वाजला तर त्याच मिनिटाला काढून फेकायचा. फिरता दगड फुटला तर समोरचा माणूस वाचत न्हाई."

मी मान डोलावली. पॅसेंजरमध्ये मशीन पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. दादानं पोतं सोडताना बघितलं आणि आपल्या कामाला लागला. आठवडाभर तो मशीनकडं फिरकला नाही.

खंडेनवमीला मात्र मला धक्काच बसला. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतो. मी आंघोळ करून दुकानात आलो तर दादानं मशीन आधीच पुसून ठेवली होती, तिला झेंडूचा हार घातला होता, दोन्ही दगडांना कुंकवाची बोटं लावली होती. म्हणाला, "आली घरात, मंग घरचीच झाली."  वर्षभर भांडलो होतो त्याच्याशी.

नारळ फोडायची वेळ आली. एरवी आम्ही नारळ उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडायचो. वहिनी तो धुऊन ठेवायला निघाल्या. दादा हसला. "दगड हितं असताना तिकडं कशाला?" असं म्हणून त्यानं नारळ मशीनच्या भरड दगडावर आपटला. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला आणि सगळं पाणी दगडात जिरलं. दादा म्हणाला, "प्याली बघ." आम्ही तिघंही हसलो. मीही हसलो, हे मला नीट आठवतं.

दसरा झाल्यावर मशीन चालू करायच्या आधी कुंकू पुसायला गेलो आणि शेठचं बोलणं आठवलं. पेचकसची मूठ घेतली. बारीक दगड टण्ण वाजला. भरड वाजवला तर बद्द. फुटक्या मडक्याचा असतो तसा आवाज. कुठं तडा दिसत नव्हता. मी स्वतःला समजावलं, नारळाचं पाणी प्यालाय, ओला आहे, म्हणून असा वाजतो. आठ दिवस मशीन न चालवता तसाच वाळू दिला. पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? दादानं आपल्या हातानं, आपल्या मनानं केलेली पूजा अपशकुन ठरली असती. सणाच्या नारळानं मशीन फुटली, ही गोष्ट त्यानं मनात घेतली असती आणि मशीन बाहेर काढली असती. हे झालं चांगलं कारण. खरं कारण हलकं होतं. वर्षभर भांडून मी जिंकलो होतो, आणि मला हरायचं नव्हतं.

दगड काढायला दहा मिनिटं लागली असती. पण काढला की दादा विचारणार, का काढला? म्हणून तो तसाच राहिला. मी तेवढी काळजी घ्यायला लागलो. बटन दाबताना बाजूला व्हायचं, वेग आला की मगच पुढं यायचं, फक्त बारीक दगडावर धार लावायची. पण फिरायचे दोन्ही. भरड दगडाच्या खरबरीत अंगात कुंकू मुरलं होतं, ते पुसून निघालं नव्हतं. मशीन फिरली की त्या जागी एक लाल रेघ उमटायची. फळीवर ठेवलेले खिळे थरथरत कडेला सरकायचे. दिवसेंदिवस ते जास्त सरकतायत असं मला वाटायचं. घरी जेवताना मी माठावर बोटं वाजवायला लागलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काय चाललंय तुमचं?"

आणि आता दादा मशीनला शिवायला लागला होता. तो पातं घेऊन उठला की मी धावत जाऊन त्याच्या हातातून घ्यायचो. दे, मी लावतो. असं पाच-सहा वेळा झालं. एकदा तर बटनावरचा त्याचा हात मी झटक्यानं काढला. तो माझ्याकडं बघत राहिला.

"मी हात लावला तर मशीन बाटती का रे?" त्यानं विचारलं.

मी चिडूनच म्हणालो, तुला जमणार नाही. ज्यानं मला रंधा धरायला शिकवलं त्याला मी हे म्हणालो. तो जुन्या दगडावर पाणी शिंपडून बसला. त्या दिवसापासून दुकानात बोलणं कामापुरतं राहिलं.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराईची कामं आली. शेवटी मला राहवेना. बिजागऱ्या आणायच्या निमित्तानं जालन्याला जायचं, नवा दगड आणायचा, दादा जेवायला गेला की गुपचूप बदलून टाकायचा, असं ठरवलं. सकाळी निघताना दारातून वळून एवढंच म्हणालो, "मशीनला हात लावू नको." का, ते सांगितलं नाही. त्यानं वर बघितलं नाही.

शेठच्या दुकानात मी चार दगड वाजवून एक निवडला. त्यानं विचारलं, पहिला फुटला का? मी म्हणालो, नाही, असाच जास्तीचा. तो दगड कागदात गुंडाळता गुंडाळता थांबला.

"बद्द वाजून राह्यला का?"

मी होय म्हणालो.

"मंग मशीन बंद करून आलात ना?"

"हो," मी म्हणालो. शेठनं दगड माझ्या हातात दिला, पण त्याची नजर माझ्यावरच होती. परतीची पॅसेंजर तासभर उशिरा आली. मी फलाटावर पिशवी छातीशी धरून उभा होतो.

दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. वरच्या पत्र्याला हाताएवढं भोक पडलं होतं, त्यातून आत ऊन येत होतं. मशीनच्या दांड्यावर एका बाजूला फक्त नट शिल्लक होता. खाली रंध्याचं पातं पडलं होतं. शेजारचा शिंपी धावत आला आणि म्हणाला, मिस्त्रींना जीपमधून जालन्याला नेलं. मी रेल्वेनं इकडं येत होतो तेव्हा ते रस्त्यानं तिकडं चालले होते.

वहिनींनी नंतर सांगितलं. जुन्या फळीत खिळा निघाला, पात्याला खाच पडली. दारं त्याच दिवशी द्यायची होती. दादा बराच वेळ बसून राहिला आणि मग उठत म्हणाला, "दुकान माझं पण हाय." मोठी खाच भरड दगडावरच घासतात, म्हणून तो त्या दगडासमोर वाकला.

दादा वाचला. डावा डोळा गेला. दवाखान्यातून आल्यावर त्यानं पहिल्यांदा फळी हातात घेतली तेव्हा आम्ही सगळे बघत उभे होतो. तोच हसला आणि म्हणाला, आता एक डोळा मिटायची कटकट राहिली नाही. मी मागच्या दारानं बाहेर जाऊन रडलो.

ती मशीन मी भंगारात घातली. नवा दगड माझ्या पेटीत तळाशी आहे, तो कुणाला दाखवला नाही. पण मला खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दादा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "माझ्या भावाला आधीच कळल्तं. मशीनला शिवू पण देत नव्हता मला. त्या दिवशी निघताना पण सांगून गेल्ता. देवच बोलला त्याच्या तोंडून, मी ऐकलं न्हाई." लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. मी रंधा मारत राहायचो. अशी दहा-बारा वर्षं गेली.

परवा दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यानं सहज विचारलं, "तवा तुला कसं रे कळलं?"

आता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही.

"असंच वाटलं, दादा," मी म्हणालो.

त्यानं समाधानानं मान हलवली, हातातली फळी उचलली आणि उजव्या डोळ्यासमोर धरली. मी समोरच होतो, मला दिसत होतं, फळीला मधे सुताभर पोट होतं.

"सरळ हाय ना?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.