खरी बांधणी दाखवणारा कॅमेरा

दामजीभाई नकुम यांनी जामनगरातली निम्मी लग्नं पाहिली आहेत, पण एकाही लग्नात गरम जेवलेले नाहीत. पंगत बसली की जेवणाऱ्यांचं चित्रण करायचं असतं, आणि ते संपेपर्यंत आचारी कढया घासायला बसलेला असतो. त्यामुळे गावातला प्रत्येक आचारी त्यांना नावानं ओळखतो आणि काही न विचारता थंड पुऱ्या बाजूला काढून ठेवतो. गेली सत्तावीस वर्षं हे असं चाललं आहे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर अठरा वर्षं भाडेकरू आहे, म्हणजे त्यातल्या बऱ्याच पुऱ्या मीही खाल्ल्या आहेत.

धंद्याबद्दल त्यांचं एक मत ठाम आहे. लग्नाची फिल्म नवरानवरीसाठी नसते.

"नवरा काय, तो रोज समोर आहेच," ते म्हणतात. "बायका फिल्म बघतात ती साडी बघायला. कुणाच्या वहिनीनं काय नेसलं, कुणाच्या मामीनं मागच्याच लग्नातलं परत नेसलं, ते सगळं तिथे पुराव्यानिशी सापडतं."

आणि जामनगरात साडी म्हणजे बांधणी. कापडाचा दाण्याएवढा चिमटा नखावर उचलायचा, त्याला दोऱ्याचे वेढे द्यायचे, मग पुढचा चिमटा. अशा हजारो गाठी मारून कापड रंगात बुडवायचं. गाठीखाली रंग पोचत नाही, तिथे ठिपका राहतो. इथल्या बायका हे ठिपके वाचतात. तीन हातांवरून साडी बघून ती कुठल्या शेरीत, म्हणजे गल्लीत, बांधली ते सांगतात.

दिवाळीनंतर दामजीभाईंच्या जुन्या, टेपवर चालणाऱ्या कॅमेऱ्यानं एका लग्नातल्या सप्तपदीची टेप मधोमध चावून टाकली. पाच पावलं फिल्ममध्ये आली, दोन गिळली. त्या जोडप्याचं अजून तरी बरं चाललं आहे, पण दामजीभाईंनी कॅमेऱ्याला कपाटात ठेवून दिलं आणि नव्याचा शोध सुरू केला. एरवी त्यांनी उन्हाळ्यापर्यंत वेळ काढला असता. पण मार्गशीर्षात मोंघीबेनच्या पारुलचं लग्न होतं.

मोंघीबेन मागच्या शेरीत राहतात. वयाच्या नवव्या वर्षापासून बांधणी बांधतात. उजव्या करंगळीचं नख त्यांनी आयुष्यभर वाढवलेलं आहे, त्यावरच कापडाचा चिमटा उचलतात. लेकीसाठी त्यांनी अडीच वर्षं खपून एक साडी बांधली होती. बावन्न चौकटी आणि प्रत्येक चौकटीत काहीतरी वेगळं. हत्ती, फूल, पोपट, पुतळी. चाळीस चौकटी झाल्या आणि त्यांचे डोळे अधू व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे आतलं आहे, गेलं ते गेलं. उरलेल्या बारा चौकटी मोंघीबेननी नखाच्या अंदाजावर बांधल्या. आता त्यांना दिसतं ते नाकाजवळ धरून, डोळ्याच्या कडेनं, वीतभरच.

बांधलेली साडी रंगाऱ्याकडून आली तरी गाठी सोडत नाहीत. सोडल्या की छापील आहे की बांधलेली, याचा पुरावाच गेला. म्हणून नेसायच्या दिवशी, चार लोकांसमोर, दोन्ही टोकं धरून ओढायची. तोपर्यंत ती सुकलेल्या कारल्यासारखी चुरगळून पडलेली असते. म्हणजे मोंघीबेनना आपल्या शेवटच्या बारा चौकटी कशा उतरल्या, हे ठाऊकच नव्हतं. साडी उघडणार लग्नाच्या सकाळी, आणि चौथ्या दिवशी पारुलबरोबर नैरोबीला जाणार.

"भाई," त्यांनी दामजीभाईंना सांगितलं, "मला वरात नको, बँड नको. साडी तेवढी नीट घे. टीव्हीला नाक लावून मी महिनाभर बघत बसेन. पण ठिपका न् ठिपका दिसायला हवा. माझ्या बारा चौकटी सरळ आल्या की वाकड्या, ते मला माझं बघायचं आहे."

"दुसऱ्या कुणाला विचार ना बेन."

"विचारलं तर काय सांगतील? आंधळीनं बांधलंय म्हटल्यावर सगळे सुंदरच म्हणणार."

 दामजीभाई कॅमेरा घ्यायला राजकोटला निघाले.

राजकोटला ते एकटे कधी जात नाहीत. सोबत रळियातबेन असतात, म्हणजे त्यांच्या पत्नी. प्रेमाचा भाग असेलही, पण मुख्य कारण असं की रळियातबेन रंगानं चांगल्या काळ्यासावळ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी पांढरं कापड धरलं की कॅमेऱ्याची परीक्षा होते. वाईट कॅमेरा एक तर चेहरा कोळसा करतो, नाही तर कापडाचा चुना करतो. त्यांच्या पिशवीत एक पांढरा रुमाल, एक लाल बांधणी आणि वाटेत खायला थेपले, असा संच ठरलेला आहे.

दुकानाचा मालक मितेश ठकरार हा तिशीतला, बोलण्यात चटपटीत माणूस. त्यानं एक कॅमेरा काचेवर ठेवला आणि आकडे सुरू केले. फोर के आहे. झूम तीसपट आहे. अंधारात दिसतं. मोबाइलला जोडता येतं.

"काका, गिऱ्हाईक आल्या आल्या पहिलं काय विचारतं?"

"जेवणाचं तुमच्याकडे की आमच्याकडे?"

"ते नाही हो! फोर के आहे का, असं विचारतं. तुमच्याकडे नसलं तर शेजारच्या स्टुडिओत जातं."

हे मात्र खरं होतं. मागच्या महिन्यातच दोन लग्नं दामजीभाईंच्या हातून अशीच गेली होती. त्यांनी रळियातबेनना स्टुलावर बसवलं, मांडीवर बांधणी पसरली, आणि दोन मिनिटं चित्रण केलं. दुकानातल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर लाल रंग असा काही उजळला की रळियातबेन स्वतःच म्हणाल्या, "अगंबाई!" कॅमेरा घेतला.

घरी आल्यावर दामजीभाईंनी हौसेनं कपाटातली सगळ्यात बारीक कामाची बांधणी काढली आणि अंगणात तिचं चित्रण केलं. टीव्हीवर पाहिलं तर लाल रंग टोमॅटोच्या सॉससारखा कडेबाहेर सांडलेला, आणि कॅमेरा जरा हलला की ठिपके मुंग्यांसारखे चालायला लागायचे.

"दुकानात तर एकेक दाणा दिसत होता," ते डोकं खाजवत म्हणाले. "तिथली बांधणी काढ बघू."

रळियातबेन लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. आतून म्हणाल्या, "कुठली?"

"पिशवीतली!"

बऱ्याच वेळानं त्या ती घेऊन आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "आधी ओरडणार नाही म्हणा."

ती बांधणी छापील होती. बाजारात दुपट्ट्याच्या भावात मिळते ती, मोठे गोल ठिपके मारलेली.

"खरी साडी बसमधून नेऊ? ध्रोलच्या स्टँडवर कुणी हातात भजी घेऊन अंगावर कोसळलं म्हणजे? मी म्हटलं, कॅमेऱ्याला काय कळतंय!"

कॅमेऱ्याला कळलं नव्हतं ते नव्हतंच, पण दामजीभाईंनाही कळलं नव्हतं. जामनगरात जन्मलेला, सत्तावीस वर्षं बांधण्या टिपणारा माणूस छापील कापडाला फसला, ही बातमी संध्याकाळच्या आरतीच्या आत तीन शेऱ्यांत पोचली. मला ती भाजीवाल्याकडून कळली, तीही जास्तीच्या तपशिलांसह.

"कॅमेऱ्यातून बघत होतो," दामजीभाई ज्याला त्याला सांगत होते. "कॅमेऱ्यातून दोन्ही सारखंच दिसत होतं!"

रळियातबेन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग दोष माझा कसा? ज्यातून खरं आणि छापील सारखंच दिसतं, तो कॅमेरा घेतलातच कशाला?"

 दामजीभाई उठले आणि बांधणी पिशवीत भरायला लागले. दोन्ही. खरी आणि छापील.

लग्नाला नऊ दिवस होते. या वेळी भज्यांपासून बचाव म्हणून रळियातबेननी खरी साडी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून पोटाशी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आत काय, सोनं का?" तर म्हणाल्या, "त्याहून नाजूक. लांब उभा राहा."

मितेशनं कॅमेरा परत घ्यायला आढेवेढे घेतले. "काका, कॅमेऱ्यात फॉल्ट नाही. तुमच्या कापडात आहे. एवढे बारीक ठिपके कुणी करतं का?"

"आमच्या गावात दुसरं काही करतच नाहीत," रळियातबेन म्हणाल्या.

शेवटी बदली करून द्यायचं ठरलं. दामजीभाईंनी दुकानातले पाच कॅमेरे एकामागून एक दाराबाहेर उन्हात नेले. आकडा विचारायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. मितेश तोंड उघडायचा आणि ते हात वर करायचे. दोन्ही साड्या दोरीवर शेजारी शेजारी टांगायच्या, बाजूला रळियातबेनना उभं करायचं, सारखंच चित्रण करायचं. पण दुकानातल्या टीव्हीवर बघायला मात्र त्यांनी नकार दिला.

"तुझ्या टीव्हीवर राखसुद्धा गुलाल दिसते. लोकांच्या घरात असतो तसा टीव्ही दाखव."

तसा टीव्ही समोरच्या फरसाणवाल्याकडे होता. क्रिकेटची मॅच चालू होती आणि गाठिया घेणाऱ्यांपेक्षा स्कोअर विचारणारे जास्त उभे होते. दामजीभाई वायर घेऊन गल्ल्यापाशी पोचले तेव्हा फरसाणवाला म्हणाला, "काका, आठ बॉल राहिलेत!" आठ बॉल थांबावं लागलं. मग पडद्यावर बॅट्समनच्या जागी दोन लाल साड्या आल्या आणि लोकांनी कल्ला केला.

गर्दीत गाठियाचा पुडा घेऊन एक बाई उभ्या होत्या. दामजीभाईंनी हात जोडले. "बेन, खरी कुठली सांगाल?"

पहिल्या चित्रणाला त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच ताग्यातल्या." दुसऱ्याला म्हणाल्या, "काही कळत नाही." तिसरं आणि चौथं झालं. त्यांचा पुडा उघडला गेला होता आणि त्या आता गाठिया खात, मन लावून बघत होत्या. पाचव्याला त्या पुढे सरकल्या.

"डावीकडची खरी. ठिपका चौकोनी आहे, मधे रंगाचा थेंब राहिलाय, कापडाला सुरकुती आहे. उजवीकडची नवऱ्यानं बायकोला फसवायला आणलेली."

"उलट झालंय," दामजीभाई म्हणाले. "पण बरोबर आहे!"

तो पाचवा कॅमेरा काचेच्या कपाटात दोन वर्षं पडून होता. अंगानं जाडजूड, झूम बेताचा, फोर के नाही. मितेश त्याला 'आजोबा' म्हणायचा. पण पुढची काच मोठी आणि स्वच्छ होती. लाल हा लालच राहिला आणि रळियातबेनचा चेहरा रळियातबेनचाच. परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक विचारेल ना, फोर के आहे का?"

"विचारेल. दोन-चार जातीलही," दामजीभाई म्हणाले, आणि थेपला खायला लागले.

लग्नाच्या सकाळी आठ वाजता मोंघीबेनच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, साडी उघडली. एक टोक पारुलच्या मावशीनं धरलं, दुसरं रळियातबेननी. ही गोष्ट एकदाच होते, पुन्हा करून दाखवा म्हणायची सोय नसते. दोघींनी ओढलं आणि तडतड आवाज करत गाठी सुटायला लागल्या, दोऱ्याचे बारीक वेढे टोळासारखे उडाले. मोंघीबेन भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि डोळे मिटून आवाज ऐकत होत्या. गाठ घट्ट होती की सैल, ते त्यांना कानांनीच कळतं.

मग साडी खाटेवर पसरली आणि दामजीभाई एकेका चौकटीवरून कॅमेरा सावकाश नेऊ लागले. विसाव्या चौकटीला भटजी खोकले. तिसाव्याला म्हणाले, "दामजीभाई, मुहूर्त साडीचा नाही, मुलीचा आहे." चाळिसाव्याला त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं. दामजीभाईंनी बावन्न पूर्ण केल्या, आणि मगच साडी पारुलच्या अंगावर गेली. नवऱ्या मुलाच्या बाजूचे लोक वरातीचं चित्रण फार थोडं आलं म्हणून नंतर नाराज झाले. ते खरंच थोडं आलं आहे.

पारुल गेल्यावर चार दिवसांनी मोंघीबेनच्या घरी फिल्म लागली. आम्ही पाच-सहा जण होतो. मोंघीबेन टीव्हीपासून वीतभर अंतरावर पाट घेऊन बसल्या, मान तिरकी करून. पहिल्या चाळीस चौकटी त्यांनी नुसत्या जाऊ दिल्या, त्या त्यांना पाठच होत्या. एक्केचाळिसावी आली तेव्हा त्यांनी करंगळीचं नख पडद्यावर ठेवलं आणि ओळीवरून सरकवायला लागल्या. दामजीभाई रिमोट धरून बसले होते. 

"सरळ आहे," मोंघीबेन म्हणाल्या. मग पुढची. "ही जरा तिरकी उतरलीये. चालेल." मग पुढची. खोलीत कुणी चहासुद्धा ओठाला लावत नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या चौकटीत पोपट होता.

"थांबव."

त्या आणखी पुढे वाकल्या. नाक काचेला टेकलं. बराच वेळ त्या तशाच होत्या, आणि रळियातबेननी माझ्याकडे बघून मान हलवली, की आता काहीतरी बिघडलं.

"भाई, ह्याला डोळे किती?"

दामजीभाई उठून जवळ गेले. पोपट एका बाजूनं काढलेला, त्याला एकच डोळा असायला हवा. पण तिथे अगदी चिकटून दोन ठिपके होते, तांदळाच्या कणीएवढे, आणि मधे केसाएवढी लाल रेघ.

"दोन आहेत, बेन," ते हळूच म्हणाले.

"मला वाटलं बांधायचा राहिला, म्हणून पुन्हा बांधला असणार." मोंघीबेन मागे सरकल्या आणि हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत हसत राहिल्या. "माझा डोळा गेला तो कुठे गेला म्हणत होते. ह्यानं घेतला!"

उरलेल्या पाच चौकटी त्यांनी भराभर बघितल्या. बारातल्या नऊ सरळ, तीन थोड्या तिरक्या. त्या दिवशी पुढे त्यांनी पारुलला नैरोबीला फोन लावला आणि साडी काढून बघायला लावली. पारुलला पोपट सापडायला वेळ लागला, कारण तिकडे खोलीत उजेड कमी होता. मग तिचा ओरडण्याचा आवाज फोनबाहेर आम्हाला ऐकू आला. "हो गं मा, खरंच दोन आहेत!"

दामजीभाईंनी तेव्हा कुठे चहा प्यायला. तो थंड झाला होता, पण त्याची त्यांना सवय आहे.