ओळखीचा वास

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत माझ्या शेजारी राहणारे गृहस्थ हातरुमालालाही कडक इस्त्री करतात. लिफ्टमध्ये भेटले की आधी माझी कॉलर बघतात, मग मला. परदेशी गेलेल्या मुलाचा कुत्रा त्यांच्याकडे असे. "मी फक्त सांभाळतोय," असं ते न विचारता सांगायचे.

मुलाने कुत्र्याला विमानाने बोलावून घेतलं. प्रवासाच्या पिंजऱ्यात ओळखीचा वास हवा, म्हणून त्याने आपला वापरलेला टी-शर्ट पाठवला. यांनी तो धुऊन, इस्त्री करून आत अंथरला!

"अहो, वास गेला की!" मी म्हणालो.

"मळकं कापड कस्टमला दाखवू? घराण्याची काही अब्रू आहे."

कुत्रा पिंजऱ्याकडे फिरकेना. शेवटी यांनी चिडून अंगातलं बनियन काढून आत टाकलं. कुत्रा मुकाट्याने त्याच्यावर जाऊन बसला.

पोचल्यावर मुलाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो.

"बाबा, कस्टममधून सुटला. पण तुमचं बनियन तपासताना साहेबांनी नाक धरलं. आता हा ते सोडतच नाहीये. धुऊन टाकू?"

"खबरदार धुतलंस तर!" शेजारी ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे सोसायटीत कुठे बोलू नका."