मणक्याचं कोणी विचारलं होतं?

सीटी स्कॅनच्या खोलीतल्या टेक्निशियनला सगळे मास्तर म्हणत. ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ हे तो कवायत घेतल्यासारखं सांगायचा. अठरा वर्षांत हजारो पोटं त्याच्या यंत्रातून गेली, आणि पोटाबरोबर पाठीचे मणकेही. काही मणके आतून पोकळ, काळपट दिसत. मास्तरला ते कळायचं. पण रिपोर्ट विभागाचे प्रमुख डॉक्टर, म्हणजे मोठे साहेब लिहीत आणि साहेबांना विचारलेलं असायचं मूतखड्याचं. मास्तर त्याबद्दल काही न बोलता पुढच्या पेशंटला हाक मारी.

पोट दुखतं म्हणून त्याची थोरली बहीण आली, तेव्हाही त्याने हेच केलं. ताई त्रेसष्ट वर्षांची, घरी शिवणकाम करणारी. तिचे मणके त्याला पडद्यावर स्पष्ट दिसले. रिपोर्ट आला, ‘उजव्या मूत्रपिंडात पाच मिलिमीटरचा खडा. बाकी विशेष काही नाही.’

आठ महिन्यांनी ओल्या चादरींची बादली उचलताना ताईचा मणका खचला. पडली नाही, घसरली नाही, नुसती वाकली.

मास्तर उशाशी बसला असताना तिने विचारलं, “तुला दिसलं होतं का रे?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“ते माझं काम नाही, ताई.”

“माझं काम कपडे शिवायचं. पण माप घेताना गिऱ्हाइकाच्या पाठीवर गाठ लागली, तर मी सांगते हो.”



दुसऱ्या दिवशी त्याने तिचा जुना स्कॅन उघडला. कमरेच्या पहिल्या मणक्यावर माऊसने एक गोल काढला, की हाड किती भरीव आहे याचा आकडा येतो. शंभराच्या खाली आला, तर हाडं ठिसूळ असल्याची दाट शंका. ताईचा आला अडुसष्ट. तो तडक साहेबांकडे गेला.

“विचारलं काय होतं? खडा. सापडला ना?”

“सापडला.”

“मग? सगळ्यांचे मणके मोजत बसलो तर रिपोर्ट कधी लिहू?”

“अर्धं मिनिट लागतं, साहेब.”

साहेबांना अर्ध्या मिनिटाची सवड नव्हती. समोरचा चहा मात्र ते वीस मिनिटं फुंकत बसले होते.

मास्तरने डबा खायच्या सुट्टीत वर्षभराचे स्कॅन तपासले. ताई सोडून पंचावन्नच्या पुढच्या दोनशे बारा बायका. एक्केचाळीस जणींचा आकडा शंभराच्या खाली. एकीच्याही रिपोर्टात हाडाबद्दल अक्षर नव्हतं. साहेबांनी यादी न वाचताच परत सरकवली. “तू टेक्निशियन आहेस, विसरू नकोस.”

यादी घेऊन तो ताईवर उपचार करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी ती दोनदा वाचली आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या सहीने एक्केचाळीस पत्रं धाडली. सव्वीस जणी हाडांच्या घनतेच्या तपासणीला आल्या. एकोणीस जणींची हाडं ठिसूळ निघाली. चौघींचं मनगट आधीच मोडून गेलं होतं, आणि तेव्हाही कुणी पुढे काही विचारलं नव्हतं. एकोणीस जणींची औषधं सुरू झाली.

अधीक्षकांच्या हुकमाने आता प्रत्येक रिपोर्टात मणक्याच्या आकड्याची एक ओळ असते. वार्षिक सभेत साहेब म्हणाले, “ही पद्धत आमच्या विभागाने सुरू केली.” टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतल्या मास्तरने हात मांडीवरून उचलले नाहीत.

ताईची उंची दोन बोटं कमी झाली आहे. कमरेला पट्टा बांधून ती अर्धा तास शिवते, मग आडवी होते. मास्तर रोज संध्याकाळी जाऊन तिच्या बादल्या भरून देतो. ती त्याला अडवत नाही आणि बरं वाटेल असं काही बोलतही नाही.