हाज बयूमींचा घट्टा

नाईलकाठच्या मन्सूरा शहरात आमच्या तांदूळ गिरणीच्या कचेरीसमोर उस्ताद वग्दींचं दुकान आहे. फोटोवरून तैलचित्र काढून देणं हा त्यांचा धंदा. आधी पातळ तपकिरी रंगात चेहरा, तो वाळला की वर जाड थर, आणि डोळे अगदी शेवटी. घाईच्या गिऱ्हाइकाला ते सरळ फोटो स्टुडिओत पाठवतात.

गेल्या हिवाळ्यात खेड्यातून हज्जा तफीदा आल्या; वयस्क माणसांना आमच्याकडे मानानं हाज, हज्जा म्हणतात. त्यांचे यजमान हाज बयूमी उसाच्या रसाचं दुकान चालवायचे. ते नुकतेच वारले होते. फोटो एकच, ओळखपत्रासाठी काढलेला. बाई म्हणाल्या, डोळे मिटले की त्यांचा चेहरा आता समोर येत नाही, म्हणून चित्र हवं.

चित्र झालं. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे, उस्ताद. पण हा बँकेतला साहेब आहे. माझा माणूस कुठंय?"

वग्दी दुखावले. फोटो शेजारी धरून त्यांनी नाक, कान, मिशा जुळवून दाखवल्या. बाई नुसती मान हलवत होत्या. शेवटी वग्दी फोटो घेऊन खिडकीशी गेले आणि जरा भीतभीतच त्यांनी विचारलं, हाज नमाज पढायचे ना?

"तोंड सांभाळून बोला. एक वेळ चुकली नाही त्यांची."

"मग रोज जमिनीला टेकून कपाळावर पडलेला घट्टा कुठं गेला?"

आमच्याकडचे स्टुडिओवाले चेहऱ्यावरचे डाग, तीळ साफ करून देतात. त्यात हाजांचा घट्टाही पुसला गेला होता, आणि वग्दींनी फोटो खरा मानला होता.

त्यांनी ब्रश उचलला. बाईंनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि थोडं डावीकडे सरकवलं. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून ते तिरकं डोकं टेकायचे. वग्दींनी तपकिरीत किंचित जांभळा मिसळला, कडा बोटानं विरवल्या.

"अजून काळा. तुमच्यासारखे फक्त सणाला मशिदीत जाणारे नव्हते ते."

वग्दी अजून काळा करत गेले. एकाएकी बाईंनी त्यांचा हात धरून थांबवला. मग चित्राकडे वळून हलकेच सांगितलं, "दुकान चालू आहे. काळजी करू नका."

रंग ओला आहे, आठवडाभर इथंच राहू दे, असं वग्दी म्हणाले.

"नको. परक्या घरी झोप लागत नाही त्यांना."

टॅक्सीत मागच्या सीटवर चित्र बसलं, शेजारी बाई. वग्दी पुढे बसले आणि मागे हात करून खेड्यापर्यंत चौकट धरून राहिले.