नुसता पत्ता देऊन भागत नाही

ताईंना पत्ता विचारला की अर्धा तास गेलाच समजा. मी जळगावहून इंदूरच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना खजराना गणपतीचा रस्ता विचारला. रिक्षा कुठे सोडायची, चपला कुठे ठेवायच्या, कोणत्या दुकानातून हार घ्यायचा नाही, सगळं ऐकावं लागलं. मी मधेच निघाले तर खेकसल्या, "पूरा ऐकून तर घे. नुसता पत्ता देऊन भागत नाही."

आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क त्या एकट्या सांभाळायच्या. वॉर्डातले फोन बदलले तेव्हा आम्हा सिस्टरांना उभं करून त्यांनी शिकवलं होतं. फोन सुरू झाला की राउटरकडे स्वतःसाठी पत्ता मागतो, तो देण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. "पण पत्ता मिळाला म्हणजे फोन लागेल असं नाही. आपला नंबर नि सेटिंग कोणत्या सर्वरकडून घ्यायची, हेपण त्याला सांगावं लागतं. ते अ‍ॅडिशनल ऑप्शन मी आपल्या राउटरमध्ये भरलेत. दुसरा राउटर कोणी लावला तर हात तोडीन, बता देती हूँ." हे त्या डॉक्टरांनाही ऐकवायच्या.

त्यांच्या तोंडाला सगळे टरकून असत. वायरीला नुसता पाय लागला तरी उद्धार व्हायचा. पेशंटच्या नातेवाइकांवर मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही.

मालकांचा भाचा आमचा व्यवस्थापक होता. केबिनमध्ये वायफाय नीट येत नाही म्हणून त्या शहाण्याने घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला. दुपारी लाइट जाऊन आली. आमच्या मजल्यावरचे फोन पुन्हा सुरू झाले आणि त्या डब्याकडून पत्ता घेऊन बसले. पत्ता मिळाला, बाकी काहीच मिळालं नाही. नेमकी तेव्हाच एका आजींना धाप लागली, ओठ निळे पडले. मी डॉक्टरांना फोन लावते तर फोन मुका. जिन्यावरून धावत जाऊन त्यांना घेऊन आले. आजी वाचल्या, पण व्हेंटिलेटरवर गेल्या.

ताईंनी भाच्याच्या सोफ्यामागचा तो डबा आमच्या देखत उपटून काढला. मालकांनी त्यांना बोलावलं. "ताई, घर की बात आहे. तुमच्या सेटिंगमध्ये चूक झाली असं आजींच्या मुलाला सांगू."

"घरचा होता तर घरीच ठेवायचा होता तो डब्बा," ताई म्हणाल्या. "माझी सेटिंग बरोबर आहे. मी खोटं बोलणार नाही."

संध्याकाळी त्यांना नोकरीवरून काढलं. वर आजींच्या मुलाला सांगितलं की चूक करणाऱ्या बाईला घरी बसवलंय. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. भाच्याची अब्रू जपायची होती, मग ताईंची काय रस्त्यावर पडली होती?

दुसऱ्या दिवशी ताई सामान न्यायला आल्या. आजींच्या मुलाने त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून नाही नाही ते सुनावलं. भाचा केबिनच्या दारात उभा राहून ऐकत होता. निर्लज्ज कुठला. ताईंनी फक्त विचारलं, "आई कशा आहेत?" आणि त्या जिना उतरून गेल्या.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्या मुलाला सांगितलं की डबा कोणाचा होता.

"सिस्टरजी, सोच समझ के बोलो," भाचा म्हणाला.

"सोचूनच बोलतेय," मी म्हटलं.

मुलगा खाली धावला, पण ताईंची रिक्षा निघून गेली होती. महिन्याभरात माझीही नोकरी गेली.

ताई आता मानपूरला हायवेवरच्या एका हॉटेलचं वायफाय बघतात. इंदुरातल्या हॉस्पिटलांमध्ये त्यांचं नाव खराब करून ठेवलंय. मी भेटायला गेले तेव्हा मला त्यांचाही राग आला होता. वायरीसाठी आमच्यावर ओरडणारी ही बाई स्वतःसाठी एकदा तरी ओरडायला हवी होती. मी तसं तोंडावर म्हटलं.

"ओरडले असते गं," त्या म्हणाल्या. "पण त्या पोराची आई मशीनवर होती. त्याला वाटलं असतं, आईच्या जिवावर उठलेली बाई वर आवाजपण चढवते."

भाचा अजून त्याच केबिनमध्ये बसतो.