तलावाच्या पाळीवरचा आंबा

लग्न होऊन मी दारव्ह्याजवळच्या त्या शेतातल्या घरात आले ते साठ-एकसष्टचं साल असावं. घरात सासरे, सासूबाई आणि आम्ही दोघं. नवरा दारव्ह्यात मास्तर, त्यामुळे तो घरी असायचा फक्त रविवारी. सासरे रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते, आता निवृत्त झालेले. मी त्यांना मामाजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामाजींनी आयुष्यात एकच चैन केली होती. शेतातला नाला मातीच्या पाळीनं अडवून त्यांनी लहानसा तलाव केला होता, तोही ओलितासाठी नाही, पोहण्यासाठी. गावातले लोक हसायचे. मामाजी मात्र रोज सकाळी पाण्यात उतरत आणि संध्याकाळी हातात खुरपं घेऊन पाळीवरून फिरत. उंदराचं बीळ दिसलं की बुजवत, बाभळीचं रोप दिसलं की उपटत. पावसाळ्याआधी सांडव्यातला झाडोरा काढून टाकत, म्हणजे जास्तीचं पाणी पाळीवरून न जाता तिथून निघून जाई. तळाशी पाणी सोडायची मोरी होती. तिची लाकडी फळी वर-खाली होते की नाही हेही ते हातानं पाहत.

"एवढंसं रोप कायले उपटता मामाजी?" मी एकदा विचारलं.

"आज एवढंसं आहे. उद्या त्याचं मूळ पाळीत शिरते, मग कुजते, अन् त्या पोकळीतून पाणी वाट काढते. पाळीवर झाड ठेवू नये."

पण पाळीच्या बाहेरच्या उतारावर एक आंबा चांगला उंच वाढला होता. मी त्याच्याकडे पाहिलं तसं ते म्हणाले, "तो राहू दे," आणि पुढे चालू लागले.

त्याचं कारण मला नवऱ्यानं सांगितलं. त्याला एक धाकटी बहीण होती, ती तापानं गेली. तिनं शेवटी खाल्लेल्या आंब्याची कोय आत्याबाईंनी त्या नव्या, ओल्या पाळीत पुरली होती. दुपारी आत्याबाई तूर निवडायला त्याच झाडाखाली बसत. मीही सूप घेऊन शेजारी बसे. त्या मुलीबद्दल एक शब्द काढत नसत. कधी एखादं वाळकं पान उचलून पदरानं पुसत आणि बाजूला ठेवत.

तलावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी, एक वस्ती होती; ती नाल्यातल्या झऱ्याचं पाणी पीत असे. छप्पन्ननंतर बौद्ध झालेली घरं ती. तिथली एक बाई आमच्या शेतात कापूस वेचायला यायची. दिवाळीच्या आधी, तलाव तुडुंब असताना, ती भर दुपारी धावत आली.

"बाई, आमच्या झऱ्याले गढूळ पानी येऊन राह्यलं. पाऊस तं नाही!"

मामाजी ताटावरून तसेच उठले. आम्हीही मागोमाग गेलो. आंब्याच्या खाली, पाळीच्या पायथ्याशी, पाणी बुडबुडत वर येत होतं. मामाजींनी ओंजळीत घेऊन पाहिलं.

"नितळ पाझर असता तं चाललं असतं. हे माती घेऊन येऊन राह्यलं." ते त्या बाईकडे वळले. "लेकरं, म्हातारी माणसं टेकाडावर न्या. आत्ताच. अन् रेती उचलायला येईल तो येऊ दे."

वस्तीतले गडी आले. मामाजींनी मोरीची फळी उघडली. बुडबुड्यांवर आधी रेती, मग गिट्टी टाकायला लावली. पाण्याला वाट राहावी पण माती आत अडावी, हे ते सगळ्यांना ओरडून सांगत होते. संध्याकाळपर्यंत तलाव बराच उतरला आणि खालचं पाणी नितळ येऊ लागलं.

आत्याबाई इतका वेळ तिथेच उभ्या होत्या.

"ह्याचंच मूळ आहे ना?" त्यांनी आंब्याकडे पाहून विचारलं.

मामाजींनी मान हलवली.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मग काहून नाही बोलले?"

"कसं बोलू तुले?"

आत्याबाईंनी टेकाडाकडे पाहिलं. तिथे आया लेकरं आणि गाठोडी सांभाळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तोडा. मूळही काढा. अर्धंमुर्धं ठेवू नका."

उन्हाळ्यात तलाव कोरडा केला आणि झाड तोडलं. पाळ खणली तेव्हा दंडाएवढी मुळं थेट आतपर्यंत गेलेली दिसली. वस्तीतल्या बाया-माणसांनी ओली काळी माती थराथरानं भरली, धुम्मसानं ठोकून बसवली. आत्याबाईंनीही घमेलं उचललं. दोन फेऱ्यांत त्यांना धाप लागली. झऱ्याची खबर आणणाऱ्या त्या बाईनं घमेलं त्यांच्या हातून काढून घेतलं आणि त्यांना सावलीत बसवलं.

"आंबा लेकराचा होता म्हणतेत. पोरगी होती का?" तिनं विचारलं.

"हो."

"माहा पोरगा गेला. चालाले लागला होता."

मग आत्याबाई बोलू लागल्या. मुलीला काय आवडायचं, कशाला भ्यायची, कशी खोटं खोटं रुसायची. इतक्या दिवसांत माझ्याजवळ न काढलेल्या गोष्टी मी त्या दिवशी मातीचं घमेलं हातात धरून ऐकल्या. मामाजी पाळीवर पाठमोरे उभे होते. धुम्मस थांबलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. उघाड पडल्यावर ती बाई वस्तीतली पोरं घेऊन पाळीवर आली. तोवर त्या पाण्यात वस्तीतलं कुणी उतरलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती, पण या असंही आमच्या घरानं कधी म्हटलं नव्हतं.

"आम्ही बी माती टाकली बाई," ती म्हणाली. "पोरं पोहतीन आता."

आत्याबाई म्हणाल्या, "पोहू दे. पण मोरीकडे कोणी जायचं नाही." आणि मामाजींना हाक मारली, "अहो, काठाशी उभे राहा. लेकरं आहेत."

पोरं बाहेर आली तेव्हा कुडकुडत होती. आत्याबाईंनी घरातून लाह्या आणि गूळ आणला. एका लहान पोरीचे केस त्या पदरानं खसाखसा पुसू लागल्या, तशी ती अंग चोरून म्हणाली, "हळू ना बाई!"

"बरं, हळू," आत्याबाई म्हणाल्या, आणि हळू पुसू लागल्या.