भावाच्या घरचा डबा

माझी बायको आज जालन्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात आहे. त्याआधी अडीच महिने मी तिला दुसरीकडे ठेवलं होतं. का, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, "जालन्यात तेव्हा जागा नव्हती." जागा होती. मी स्वतः बघून आलो होतो.

तिला कंपवात होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आधी उजवा हात गेला, मग चाल, मग बोलणं. शब्द तिला सगळे सुचायचे, पण ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा, आणि मला दम कधीच धरवायचा नाही. बदनापूरला जन्मभर कारकुनी केली तीही लोकांवर खेकसतच. घरी मी तिची वाक्यं स्वतःच पुरी करून टाकायचो. ती "च..." म्हणाली की चहा ठेवायचो. पुष्कळदा तिला चष्मा हवा असायचा. मग थंड झालेला चहा मीच प्यायचो, वर तिच्यावरच चिडायचो.

श्रावणात न्हाणीत तिला उचलताना आम्ही दोघंही पडलो. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, मलाही उठता येईना. दूधवाला हाक मारेपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून होतो. त्यानेच दोघांना उठवून बसवलं. त्या दिवशी तीच म्हणाली, "मला... ठेवा... कुठं तरी." हे एक वाक्य मात्र मी पुरं होऊ दिलं.

जालन्यातलं केंद्र चांगलं होतं. भिंतींना धरायला दांड्या होत्या, रोज व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. सांभाळणारी बाई हसनाबादची, आणि माझं गाव हसनाबादला लागूनच. तिने मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "कोणाचे तुम्ही? आपल्याकडलेच दिसून राह्यले." माझी आई सात वर्षं अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं माझ्या बायकोने केलं, हे अख्ख्या गावाला आणि बदनापूरच्या आमच्या गल्लीलाही ठाऊक. आता सगळे म्हणणार, हिची वेळ आली तेव्हा ह्याने हिला टाकलं. मी फॉर्म घडी करून खिशात घातला. घरी येऊन सांगितलं, "बिलकुल बेकार. ढेकूण आहेत तिथं."

मग संभाजीनगरच्या पलीकडचं एक केंद्र धरलं. तिकडे आमच्याकडचं चिटपाखरूही फिरकायचं नाही, एवढाच त्याचा गुण. खोल्या कोंदट होत्या. व्यायामाचं विचारलं तर "बघू" म्हणाले. मला तेवढं पुरलं.

गल्लीत सांगितलं की ती कुंभार पिंपळगावला भावाकडे चालली आहे, हवापालटाला. तिलाही तेच बोलायला बजावलं. ती "बरं" म्हणाली. पण आमच्या गल्लीत सवाष्ण मोठ्या मुक्कामाला निघाली की ओटी भरल्याशिवाय तिला कुणी जाऊ देत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाडी दाराशी लागली आणि पाच जणी ताटं घेऊन हजर. समोरच्या घरातली बाई आणि माझी बायको यांचं वीस वर्षांचं मेतकूट. तिने खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. पदर थरथरत होता, म्हणून खालून स्वतःचा हात लावला. एरवी कलकलाट करणाऱ्या पाचही जणी त्या दिवशी गप्प होत्या.

मग तिने स्टीलचा एक डबा माझ्या हातात दिला. "भाऊजी, भावाच्या घरी पोचल्यावर द्या बरं. आठवणीनं."

"देतो, देतो. जल्दी आटपा आता," मी म्हणालो. कुणाच्या डोळ्यात बघायची माझी छाती नव्हती.

केंद्रात पोचल्यावर गाडी सोडून दिली, तिचे कपडे कपाटात लावले. ती पलंगावर बसली होती, ओटीतला नारळ मांडीवर घेऊन. डब्याकडे बघत म्हणाली, "तो... ड..."

"तो तुझ्या भावाच्या घरचा," मी तोडून टाकलं. "आता कुणाला देऊ? नेतो परत."

तिची मान हलली. होकाराची की आजाराची, हे बघायला मी थांबलो नाही. मला बस गाठायची होती.

बसस्टँडवर भूक लागली तेव्हा डबा उघडला. दुधातल्या दशम्या, कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेले. भरपूर तुपातला मऊ शिरा. चटणी होती, तीही बिनतिखटाची. मनात म्हटलं, पिंपळगावचे लोक काय बोळके आहेत की काय? आणि बाकावर बसून सगळं चाटूनपुसून खाल्लं.

आठ दिवसांनी डबा परत द्यायला गेलो. रिकामा देऊ नये म्हणून मूठभर साखर घातली होती, एवढं बायकोकडून शिकलो होतो. समोरची बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "भावाच्या घरी सगळ्यांना आवडलं बरं का," मी म्हणालो.

तिने सूप बाजूला ठेवलं.

"भाऊजी, ताईंनी आम्हाला समदं सांगितल्तं. जायच्या चार दिवस आधीच. तुम्ही बँकेत गेल्ते तवा. अख्खी दुपार लागली त्यांना सांगायला, आम्ही बसून राह्यलो. म्हणल्या, ह्यांना लाज वाटून राह्यली, तुम्ही काही इचारू नका. मंग न्हाई इचारलं कोणी."

मी डबा ओसरीच्या कडेला ठेवला. ज्यांच्यापासून तोंड लपवायला मी तिला त्या कोंदट खोलीत नेऊन टाकलं, त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्या माझी अब्रू सांभाळत होत्या. शरमेने मला मान वर करवेना.

"डबा त्यांच्यासाठीच होता," ती म्हणाली. "तुमच्या देखत कसं बोलावं, म्हणून भावाच्या घरचं म्हणले. त्यांना गिळता यावं म्हणून बारीक तुकडे केल्ते. बराबर खाल्लं का त्यांनी?"

"खाल्लं," मी म्हणालो. "सगळं संपवलं."